गांजा 'लीगल' असलेल्या अमेरिकेत नवे आहात? राज्यांचे कायदे, शिक्षा आणि तुमचा व्हिसा

दर ऑगस्टमध्ये शिकायला आलेली नवी मुलं मंडळाच्या गणपतीत भेटतात. बँक खातं, लायसन्स, भाड्याचं घर हे विषय संपले की हळू आवाजात एक प्रश्न येतोच: "इथे वीड चालतं ना? आमच्या कोपऱ्यावर तर दुकानच आहे." दुकान आहे हे खरं. तुम्हाला चालतं का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

मी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आले, मग एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, ग्रीन कार्ड आणि शेवटी नागरिकत्व असा सगळा रस्ता चालले. दर टप्प्यावर फॉर्ममध्ये अमली पदार्थांबद्दलचा प्रश्न होताच. तो प्रश्न नीट न समजल्यामुळे चांगल्या घरची, हुशार मुलं अडकलेली मी पाहिली आहेत. म्हणून हे लिहिते आहे. मी वकील नाही, पण कुठल्या क्षणी वकील गाठायचा हे या लेखातून तुम्हाला नक्की कळेल.

एक गोष्ट आत्ताच मनात पक्की करा. पोलीस तुम्हाला हात लावतील की नाही हे राज्याचा कायदा ठरवतो. तुम्ही या देशात राहाल की नाही हे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, कायदा ठरवतो. नागरिक नसलेल्या माणसासाठी 'लीगल गांजा' अशी वस्तू अमेरिकेत नाही.

१. आधी स्वतःचा दर्जा ओळखा

१९७० च्या कंट्रोल्ड सबस्टन्सेस अॅक्टने गांजाला हेरॉइनच्या शेजारी, पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत बसवलं. २०२४ मध्ये त्याला तिसऱ्या शेड्यूलमध्ये आणण्याचा प्रस्ताव सरकारनेच मांडला, आणि तेव्हापासून "आता सगळं मोकळं होणार" अशा बातम्या फिरतात. त्यावर विसंबू नका. इमिग्रेशनचा कायदा सगळ्याच शेड्यूलमधल्या पदार्थांना लागू होतो. गांजा पहिल्यातून तिसऱ्यात गेला तरी तुमच्यासाठी तो 'कंट्रोल्ड सबस्टन्स'च राहतो.

फेडरल कायद्यानुसार स्वतःपुरता गांजा जवळ बाळगला, तर पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद आणि किमान १,००० डॉलर दंड आहे. प्रत्यक्षात किरकोळ प्रमाणासाठी फेडरल खटले क्वचितच होतात. पण इमिग्रेशनच्या बाबतीत खटल्याची गरजही लागत नाही.

अमेरिकी नागरिक असाल तर राज्याचा कायदा, नोकरीचे नियम आणि फेडरल जागा एवढं सांभाळलं की बहुतेक काम झालं. नागरिक नसाल, मग एफ-१, एच-१बी, त्यांच्या कुटुंबीयांचा एच-४, अगदी ग्रीन कार्ड असलं तरी, पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. ग्रीन कार्डवाल्यांनी तर दोनदा वाचावं. "आपण आता पर्मनंट" ही समजूत सर्वांत जास्त त्यांचाच घात करते.

२. तुमच्या राज्यात काय आहे ते आकड्यांसकट पाहा

कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदानाने पहिल्यांदा मोकळीक दिली. आज २४ राज्यं आणि राजधानीचं वॉशिंग्टन डीसी इथे २१ वर्षांवरील व्यक्तीला मौजेसाठी गांजा ठेवता येतो. मर्यादा मात्र प्रत्येकाची वेगळी आहे. आपली माणसं जिथे जास्त आहेत तिथली थोडक्यात माहिती देते. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम.

न्यू जर्सीत ६ औंसांपर्यंत चालतं. पण घरी एक रोपटं लावलं तरी तो तिसऱ्या दर्जाचा गुन्हा ठरतो आणि ३ ते ५ वर्षांची कैद होऊ शकते. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये ३ औंस आणि घट्ट अर्क, म्हणजे कॉन्सन्ट्रेट, २४ ग्रॅम; तिथे घरी थोडी रोपंही लावता येतात. हडसन नदीच्या दोन काठांवर एकाच रोपट्याला दोन कायदे आहेत, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनहून न्यूयॉर्कला राहायला गेलेला किंवा तिकडून इकडे आलेला माणूस इथेच फसतो.

कॅलिफोर्नियात २८.५ ग्रॅम, कॉन्सन्ट्रेट ८ ग्रॅम, घरी सहा रोपं. त्याहून जास्त सापडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५०० डॉलर दंड. इलिनॉयमध्ये रहिवाशाला ३० ग्रॅम, पण बाहेरच्या राज्यातून आलेल्याला निम्मंच, १५ ग्रॅम. शिकागोला फिरायला जाणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसतं. मॅसॅच्युसेट्समध्ये बाहेर एक औंस आणि घरात दहा, मिशिगनमध्ये बाहेर अडीच औंस, मेरीलँडमध्ये दीड.

वयाची अट हलक्यात घेऊ नका. बॅचलर्सला आलेली १८-१९ वर्षांची मुलं कुठल्याच राज्यात या मोकळिकीत बसत नाहीत. आणि २१ पूर्ण केलेल्या दादाने त्यांना आणून दिलं तर तो 'देवाणघेवाणी'चा गुन्हा होतो, जो नुसतं जवळ ठेवण्यापेक्षा कितीतरी जड आहे.

बंदी असलेल्या राज्यांत टेक्सासकडे नीट पाहा, कारण डॅलस, ऑस्टिन आणि ह्यूस्टनमध्ये आपली हजारो घरं आहेत. तिथे दोन औंसांपर्यंतच्या गांजाला १८० दिवसांपर्यंत कैद आणि २,००० डॉलर दंड, तर चार औंसांच्या वर गेलं की थेट फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. जॉर्जियात एक औंसाच्या आत एक वर्षापर्यंत कैद आणि १,००० डॉलर, आणि त्यावर १ ते १० वर्षं. अटलांटा शहराने २०१७ मध्ये दंड ७५ डॉलरवर आणला, पण तो शहराचा नियम आहे. राज्याचा कायदा त्याच रस्त्यावर लागू असतो, आणि अधिकारी कोणता लावेल हे तुमच्या हातात नसतं. फ्लोरिडात २० ग्रॅमच्या वर फेलनी, ५ वर्षांपर्यंत. तिथे २०२४ च्या मतदानात मोकळिकीला ५० टक्क्यांपेक्षा जास्त मतं मिळाली, पण लागणारे ६० टक्के झाले नाहीत. "फ्लोरिडात पास झालं" हे ऐकलं असेल तर ते चूक आहे.

३. राज्याची हद्द ओलांडण्याआधी गाडी रिकामी करा

लाँग वीकेंडला निघालेल्या गाड्या इथे सापडतात. दोन्ही राज्यांत गांजा चालत असला तरी हद्द ओलांडून नेणं हा फेडरल गुन्हा आहे. दुकानाची पावती दाखवून काहीही सुटत नाही.

धोका सर्वांत जास्त गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या, आणि व्हेप, म्हणजे वाफ ओढायचं पेन, यांचा आहे. मुलांना वाटतं, पानं नाहीत, वास नाही, गोळ्यांसारखी मिठाई आहे, कोण विचारतो. टेक्सासच्या कायद्यात टीएचसीचं, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचं, तेल, व्हेप आणि गमी हे पानांपेक्षा वेगळ्या आणि कडक गटात येतात. एक ग्रॅमच्या आत असलं तरी फेलनी, म्हणजे १८० दिवस ते २ वर्षं कैद आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड. १ ते ४ ग्रॅमला २ ते १० वर्षं. आणि वजन करताना फक्त टीएचसी मोजत नाहीत. साखर, जिलेटिन, रंग असं सगळं धरून अख्ख्या गमीचं वजन मोजतात. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून आणलेलं एक लहानसं पाकीट टेक्सासात काही वर्षांच्या कैदेचं प्रकरण होऊ शकतं. जॉर्जियातही टीएचसी तेल कितीही थोडं असलं तरी फेलनीच.

आपल्या लोकांचे नेहमीचे रस्ते आठवा. सिएटलहून यलोस्टोनला जाताना वाटेत आयडाहो लागतं, तिथे तीन औंसांच्या आतही एक वर्षापर्यंत कैद. पुढे वायोमिंग, तेही तसंच. कोलोरॅडोहून पूर्वेला कॅन्सस, तिथे पहिल्या वेळेलाच सहा महिन्यांपर्यंत. शिकागोहून इंडियाना, न्यू जर्सीहून पेनसिल्व्हेनिया. पेनसिल्व्हेनियात रक्तात गांजाचे अंश सापडले, तर नशा उतरून दिवस गेले असले तरी गाडी चालवल्याबद्दल डीयूआय, म्हणजे नशेत गाडी चालवल्याचा गुन्हा, लागू शकतो.

म्हणून निघण्याआधी सोबतच्यांना सरळ विचारा: कुणाकडे काही आहे का? विचारायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. पण गाडीत कुणाच्याही बॅगेत सापडलं तर पोलीस गाडीतल्या सगळ्यांवर ताब्याचा आरोप ठेवू शकतात. "ते माझं नव्हतं" हे नंतर कोर्टात, वकिलाचे पैसे भरून सिद्ध करत बसावं लागतं. कुणी "आहे" म्हणालं तर एक तर ते घरी राहील किंवा तुम्ही दुसऱ्या गाडीने जाल.

४. 'लीगल' राज्यातल्या बंद जागा

योसेमिटी कॅलिफोर्नियात आहे आणि ग्रँड कॅनियन अॅरिझोनात. दोन्ही राज्यांत गांजा चालतो, पण नॅशनल पार्क ही फेडरल जमीन आहे. पार्कचा रेंजर देतो ती नोटीस फेडरल असते आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमानतळाचंही तसंच: टीएसएचे, म्हणजे विमानतळ सुरक्षेचे, कर्मचारी गांजा शोधायला बसलेले नसतात, पण दिसला तर पोलिसांना बोलावतात.

युनिव्हर्सिटीचं कॅम्पस राज्य कुठलंही असो, बंदच समजा. फेडरल निधी घेणाऱ्या कॉलेजांना १९८९ च्या कायद्याने कॅम्पसवर अमली पदार्थांना बंदी घालावीच लागते. डॉर्ममध्ये सापडलं तर पोलीस येतीलच असं नाही, पण शिस्तभंगाची कारवाई होईल. सस्पेन्शन मिळालं की शिक्षण थांबतं, आणि शिक्षण थांबलं की एफ-१ चा दर्जाही जातो. इथे राज्याचा एकही कायदा मोडलेला नसतो, तरी परतीचं तिकीट काढावं लागतं.

भाड्याच्या घराची लीज वाचा, बहुतेकींत धुराला मनाई असते. कॅलिफोर्नियात सार्वजनिक ठिकाणी ओढल्यास १०० डॉलर दंड, आणि तंबाखूला बंदी असलेल्या ठिकाणी २५०.

५. सोज्वळ दिसणारे सापळे

पेट्रोलपंपावर आणि स्मोक शॉपमध्ये 'हेम्प', 'डेल्टा-८', 'टीएचसीए' असं लिहिलेली पाकिटं मिळतात. २०१८ च्या फार्म बिलने ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९ टीएचसी असलेलं हेम्प, म्हणजे नशा कमी असलेलं गांजाचंच रोप, मोकळं केलं, त्या फटीतून हा बाजार उभा राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ही व्याख्या खूपच आवळली आणि अंमलासाठी एक वर्षाची मुदत ठेवली. पाकिटावर काय लिहिलंय यावर विसंबू नका. तपासणीत टीएचसी जास्त निघालं तर गुन्हा तुमच्यावर लागतो.

दुसरा सापळा मेडिकल कार्डाचा. झोप येत नाही, पाठ दुखते म्हणून काही जण राज्याचं मेडिकल मारिजुआना कार्ड काढतात. फेडरल कायदा त्याला डॉक्टरची चिठ्ठी मानत नाही. उलट, तुम्ही गांजा घेता याचा सरकारी कागद तुम्हीच तयार करून ठेवलेला असतो. नागरिकत्व मिळेपर्यंत हे कार्ड काढू नका. दुखण्यासाठी दुसरे उपाय आहेत, डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी इमिग्रंट आहे, मला हे नको.

तिसरा नोकरीचा. डिस्पेन्सरीत, म्हणजे गांजाच्या परवानाधारक दुकानात, कॅशियर, डिलिव्हरी, शेतीवरचं काम, परवाना असलेली आणि कर भरणारी कंपनी असली तरी फेडरल कायद्याच्या नजरेत हा अमली पदार्थांचा व्यापार आहे. एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व खात्याने, म्हणजे यूएससीआयएसने, लेखी धोरण काढलं: राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाचं सेवन किंवा त्या धंद्यातलं काम नागरिकत्वासाठी लागणाऱ्या 'चांगल्या चारित्र्या'ला बाधक ठरू शकतं. त्याच वर्षी डेन्व्हरमध्ये या धंद्यात काम केलेल्या ग्रीन कार्डधारकांना नागरिकत्व नाकारल्याचं उघड झालं आणि तिथल्या महापौरांनी जाहीर निषेध केला. निषेधाने धोरण बदललं नाही. आपली मुलं काउंटरवर कमी आणि कोड लिहायला जास्त जातात. डिस्पेन्सरीची बिलिंग सिस्टीम किंवा डिलिव्हरी अॅप बनवणाऱ्या कंपनीची ऑफर आली, तर होकार देण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

चौथ्याबद्दल कुणी सांगत नाही: वर्गणी. चौघांनी मिळून एकाला आणायला पाठवलं, बाकीच्यांनी व्हेन्मो या पैसे पाठवायच्या अॅपवर पैसे टाकले आणि खाली पानाचं चित्रही टाकलं. कायद्याच्या भाषेत त्या एकाने विक्री केली. जमैकाहून लहानपणी आलेला एड्रियन मॉन्क्रीफ याच्या गाडीत जॉर्जियात १.३ ग्रॅम गांजा सापडला, म्हणजे दोन-तीन सिगारेटींपुरता. आरोप लागला वाटपाच्या हेतूने बाळगल्याचा, आणि सरकारने त्याला देशाबाहेर काढायला घेतलं. थेट सुप्रीम कोर्टात गेल्यावर २०१३ मध्ये त्याच्या बाजूने निकाल लागला. तुमच्या-माझ्यापैकी किती जणांना सुप्रीम कोर्टापर्यंत जाणं झेपेल? इमिग्रेशन कायद्यात तस्करीसाठी शिक्षा होणंही आवश्यक नाही. 'तसं मानायला कारण आहे' एवढं अधिकाऱ्याला वाटलं तरी दार बंद होतं.

६. फॉर्म, डॉक्टर आणि खिडकीपलीकडचा अधिकारी

व्हिसाच्या डीएस-१६० मध्ये विचारतात: अमली पदार्थांविषयीचा कुठलाही कायदा कधी मोडला आहे का? ग्रीन कार्डच्या आय-४८५ मध्येही तेच, आणि त्यात परदेशातला कायदाही आला. म्हणजे गोव्याच्या ट्रिपला किंवा पुण्याच्या हॉस्टेलवर घेतलेला झुरकाही मोजला जातो, कारण भारतात तो एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचा भंग आहे. इमिग्रेशन कायद्यात अटक नाही, खटला नाही, नुसती रीतसर कबुली दिली तरी प्रवेश नाकारता येतो.

मग खोटं बोलायचं का? अजिबात नाही. खोटं उघडकीला आलं तर फसवणुकीचा कायमचा शिक्का बसतो, आणि तो गांजापेक्षा जड आहे. तुमच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर 'नाही' नसेल, तर फॉर्म भरण्याआधी वकिलाकडे जा. तेव्हा दिलेली फी ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत योग्य ठिकाणी गेलेली रक्कम असते.

मेडिकलच्या डॉक्टरांबाबत आपली माणसं भोळेपणाने वागतात. व्हिसासाठी मुंबईत किंवा ग्रीन कार्डसाठी इथे जी वैद्यकीय तपासणी होते, ते डॉक्टर सरकारला अहवाल देण्यासाठी नेमलेले असतात. ते आपले फॅमिली डॉक्टर नाहीत. तिथे "कधीतरी पार्टीत घेतलं होतं" म्हणून मारलेली गप्प अहवालात जाते, आणि 'व्यसनी' असा शेरा पडला की अर्ज किमान वर्षभर लांबतो.

नागरिकत्वाच्या एन-४०० मध्ये अटक न झालेल्या गुन्ह्यांबद्दलही विचारतात. अधिकारी सहसा मागची पाच वर्षं तपासतो, नागरिकाच्या जोडीदारासाठी तीन. मुलाखत शपथेवर असते.

विमानतळावर सीबीपीचे, म्हणजे सीमा तपासणीचे, अधिकारी तुमचा फोन उघडून पाहू शकतात. डिस्पेन्सरीसमोरचा फोटो, "माल आणलास का" असा ग्रुपवरचा मेसेज, या सगळ्यावरून प्रश्न सुरू होतात. अबूधाबीमार्गे येत असाल तर ही तपासणी तिथेच उरकते. गांजाचा प्रश्न आलाच तर खोटं बोलू नका, पण बडबडही करू नका. "मला वकिलाशी बोलल्याशिवाय यावर उत्तर द्यायचं नाही" असं म्हणता येतं. व्हिसावाल्याला त्यामुळे परत पाठवलं जाऊ शकतं हे खरं, पण परत गेलेला माणूस पुन्हा अर्ज करू शकतो. कबुलीवर सही केलेल्याचा रस्ता फार अरुंद होतो. ग्रीन कार्डधारकाला इमिग्रेशन न्यायाधीशासमोर सुनावणीचा हक्क आहे. कार्ड परत करायचा कागद पुढे केला तर सही करू नका.

७. पोलिसांनी थांबवलं तर

हात स्टीअरिंगवर ठेवा. लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि विम्याचा कागद द्या. नम्रपणे बोला. झडतीची परवानगी मागितली तर "मी परवानगी देत नाही" एवढंच, शांतपणे. तरीही झडती घेतली तर अडवू नका, तो मुद्दा वकील कोर्टात मांडेल. कुणाचं आहे, कुठून आणलं, यावर काहीही सांगू नका. आपल्याकडे मोठ्यांसमोर गप्प बसणं उद्धट वाटतं, "साहेब, पहिल्यांदाच झालं हो" असं तोंडातून निघून जातं. इथे ते वाक्य कबुली म्हणून लिहून घेतात. गप्प राहणं हा तुमचा हक्क आहे.

नशेत गाडी चालवल्याच्या संशयावरून अटक झाली आणि रक्ताच्या चाचणीला नकार दिला, तर जवळपास सगळीकडे लायसन्स काही काळासाठी निलंबित होतं.

अटक झालीच तर भारतीय वकिलातीला कळवायला सांगू शकता, हा आंतरराष्ट्रीय कराराने दिलेला हक्क आहे. न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलला आपले कॉन्सुलेट आहेत, राजधानीत दूतावास. ठाण्यात बोटांचे ठसे घेतले की ते इमिग्रेशन खात्यापर्यंत पोचतात. २०२५ च्या वसंतात किरकोळ पोलीस नोंदी असलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी, एकदम बंद केल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांवरचे खटले केव्हाच निकालात निघालेले होते. कोर्टबाजीनंतर त्या पूर्ववत झाल्या, पण मधले आठवडे त्या मुलांनी आणि भारतातल्या आई-वडिलांनी कसे काढले असतील याची कल्पनाच केलेली बरी.

८. कोर्टात: "मान्य करून टाक" या सल्ल्यापासून सावध

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून सावकाश वाचा.

सरकारी वकील म्हणतो, गुन्हा कबूल करा, २०० डॉलर दंड, एक कोर्स, सहा महिन्यांनी नोंद पुसली जाईल. तुमचा फौजदारी वकीलही म्हणतो, घेऊन टाका. अमेरिकी नागरिकासाठी हा सौदा उत्तम आहे. तुमच्यासाठी तो घातक असू शकतो. इमिग्रेशन कायद्यात 'कन्व्हिक्शन'ची व्याख्या वेगळी आहे: तुम्ही गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाने कुठलंही बंधन घातलं, की झालं कन्व्हिक्शन. राज्याने नंतर ते पुसलं तरी इमिग्रेशनच्या लेखी ते राहतं. टेक्सासमधलं 'डिफर्ड अॅडज्युडिकेशन' याच प्रकारचं आहे. उलट कॅलिफोर्नियात २०१८ पासून अशा किरकोळ प्रकरणांसाठी कबुली न घेता कोर्स करून सुटण्याची सोय आहे. दोन्हीकडे दंड-कोर्स सारखाच दिसतो, पण परिणामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

३० ग्रॅमची सवलत ऐकली असेल. एकदाच, स्वतःपुरता, ३० ग्रॅमच्या आत गांजा सापडून शिक्षा झाली तर डिपोर्ट करता येत नाही, हे बरोबर. पण ही सवलत देशातून काढण्यापुरती आहे, देशात शिरण्यापुरती नाही. तुम्ही निवांत इथे राहता, मग भाचीच्या लग्नाला साताऱ्याला जाता, आणि परत येताना विमानतळावर अडकता. ग्रीन कार्डवालेही अडकतात. एफ-१ किंवा एच-१बी असेल तर मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये स्टॅम्पिंगलाच नकार येतो. माफीचा अर्ज असतो, पण तो वेळखाऊ आणि बेभरवशाचा आहे. जुनी नोंद असलेल्याने वकिलाला विचारल्याशिवाय भारताचं तिकीटच काढू नये.

२०१० चा पडीया विरुद्ध केंटकी हा निकाल लक्षात ठेवा. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात असलेला, चाळीसहून जास्त वर्षं ग्रीन कार्डवर असलेला ट्रक ड्रायव्हर, गाडीत गांजा सापडला. त्याच्या वकिलाने सांगितलं, इतकी वर्षं इथे आहेस, इमिग्रेशनची काळजी करू नकोस. त्याने गुन्हा कबूल केला आणि हद्दपारीची नोटीस आली. सुप्रीम कोर्ट म्हणालं की कबुलीचे इमिग्रेशनवर काय परिणाम होतील हे सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. तेव्हा पहिल्याच भेटीत म्हणा: "मी नागरिक नाही. या सौद्याचा माझ्या व्हिसावर काय परिणाम होईल ते मला लेखी द्या." त्याला जमत नसेल तर फौजदारी आणि इमिग्रेशन दोन्ही जाणणारा वकील शोधा.

फाइलमध्ये हे ठेवा:

- पोलिसांनी दिलेलं तिकीट किंवा अटकेचा अहवाल
- आरोपपत्र, त्यात कलम आणि वजन स्पष्ट दिसायला हवं
- प्रयोगशाळेचा अहवाल असल्यास तो
- कोर्टाचा अंतिम निकाल, शिक्क्यासह प्रमाणित प्रत, किमान तीन
- दंडाच्या पावत्या, कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र
- पासपोर्ट, आय-९४, आय-२० किंवा आय-७९७ यांच्या प्रती
- दोन्ही वकिलांनी दिलेला लेखी सल्ला

नोंद पुसून घेण्याआधी प्रमाणित प्रती काढाच. नंतर कोर्ट म्हणतं, आमच्याकडे असं काही नाही. आणि इमिग्रेशनवाले म्हणतात, आमच्याकडे तुमचे ठसे आहेत, कागद आणा. राष्ट्राध्यक्षांच्या माफीवरही भिस्त ठेवू नका: ऑक्टोबर २०२२ मध्ये बायडन यांनी गांजा बाळगण्याच्या फेडरल गुन्ह्यांना सरसकट माफी दिली, ती नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच, व्हिसावाले त्यात नव्हते.

९. भारतात जाता-येताना

उरलेली गमीची बाटली मित्रांसाठी भेट म्हणून बॅगेत टाकू नका. भारतात एनडीपीएस कायदा १९८५ लागू होतो. एक किलोच्या आतल्या गांजाला एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्यावर वीस किलोपर्यंत दहा वर्षांपर्यंत. त्याहून जास्त म्हणजे व्यापारी प्रमाणाला १० ते २० वर्षं. चरस आणि अर्काच्या मर्यादा याहून खूप खाली आहेत, आणि देशात आणणं हा वेगळा गुन्हा आहे. वाटेत दुबई, अबूधाबी किंवा दोहा असेल तर तिथलाही कायदा लागतो. निघण्याआधी बॅगेचे सगळे कप्पे, जॅकेटचे खिसे, जुने व्हेप पेन तपासा. बॅग उसनी घेतली असेल तर दोनदा.

उलट दिशेचाही सापळा आहे, आणि तो आई-बाबांच्या बॅगेत असतो. आपल्याकडे गांजाच्या व्याख्येतून नुसती पानं वगळलेली आहेत, म्हणून बऱ्याच ठिकाणी भांग चालते आणि 'विजया' असलेली आयुर्वेदिक औषधं दुकानात मिळतात. अमेरिकेच्या कायद्यात पानंही गांजाच. पोटासाठी म्हणून आणलेलं चूर्ण, महाशिवरात्रीची उरलेली गोळी, झोपेचं तेल, यांतल्या घटकांची यादी फोनवर वाचून घ्या. त्यात विजया, भांग किंवा कॅनाबिस हा शब्द दिसला तर ते घरीच ठेवायला सांगा. बी-२ व्हिसावर नातवंडांना भेटायला आलेल्या आजी-आजोबांना विमानतळावर यावरून प्रश्नोत्तरं करावी लागू नयेत. बॅग भरून झाल्यावर नाही, भरायला घेण्याआधी फोन करा.